चक्राचा हिशेब

‘हवामानाचं काय घेऊन बसलात? ते चक्र आहे, फिरून येतं.’ रत्नागिरीत हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं. मोहोर करपला की हे वाक्य, मे महिन्यात वादळ आलं की हे वाक्य, जुलैत वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली की पुन्हा तेच. नुसतं वाक्य असतं तर त्याच्या वाटेला जाण्याचं कारण नव्हतं. पण अलीकडे त्याला पुरावे जोडले जातात, आणि तेही घरचे. पहिला पुरावा लोकमान्यांचा. टिळक आळीत जन्मलेल्या या माणसाने १९०३ सालीच ग्रंथ लिहून सांगितलं की उत्तर ध्रुवाजवळ एकेकाळी सुखाची हवा होती आणि पुढे हिमयुगाने ती मोडली. तेव्हा कुठे होत्या मोटारी? दुसरा पुरावा सड्यांवरच्या कातळशिल्पांचा. तिथे गेंडा कोरलेला आहे. म्हणजे गेंड्याला पोसणारं हवामान कोकणात कधीतरी होतं आणि ते धुराड्यांशिवाय गेलं. तिसरा पुरावा घरातल्या म्हाताऱ्यांचा: आमच्या लहानपणीही असाच पाऊस पडला होता. हे तिन्ही एका दमात मांडून वक्ता विचारतो की मग कोळशाच्या नावाने ही बोंब कशाला, आणि सभागृहात टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत शिक्षक असतात, बँकेतून निवृत्त झालेली माणसं असतात, आंब्याचे बागायतदार तर असतातच.

यातलं चक्र खरं आहे, हे आधीच सांगून टाकतो. हवामान बदलत आलेलं आहे, माणूस नव्हता तेव्हापासून. पण चक्र आहे असं म्हणणाऱ्याने ते किती वर्षांचं, कशाच्या बळावर फिरतं आणि आज त्याचा कुठला फेरा चालू आहे, एवढं तरी सांगायला हवं. चक्रावर ज्यांनी आयुष्यं घालवली त्या सगळ्यांनी हे प्रश्न स्वतःला विचारले. टिळकांनीही विचारले. म्हणून त्यांना या सभेत साक्षीला उभं केलेलं मला विशेष खटकतं.

हिमयुग होऊन गेलं ही कल्पना लुई अगासीने १८३७ साली स्वित्झर्लंडमध्ये मांडली, तिच्यावर भरपूर वाद झाले, आणि काही दशकांत ती रुळली. त्यात रेंगाळण्यासारखं फारसं नाही. खरा प्रश्न कारणाचा होता, आणि त्याला पहिलं दमदार उत्तर दिलं ते ग्लासगोच्या एका कॉलेजात रखवालदारी करणाऱ्या जेम्स क्रॉलने. शाळा लवकर सुटलेली, सुतारकामापासून विम्याच्या एजंटीपर्यंत सगळं करून झालेलं. कॉलेजातली नोकरी त्याला मानवली ती तिथल्या ग्रंथालयामुळे. १८६४ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्याचा लेख आला. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा कधी गोलाकडे झुकते, कधी लांबट होते. तिचा अक्ष सावकाश डुलत राहतो. त्यामुळे कुठल्या ऋतूत किती ऊन मिळायचं ते हजारो वर्षांच्या लयीत बदलतं. हा फरक लहान असतो, हे क्रॉलला ठाऊक होतं. म्हणून त्याने पुढची कडी जोडली. बर्फ साचला की तो ऊन परतवतो, त्याने गारठा वाढतो, आणखी बर्फ साचतो, समुद्राचे प्रवाहही वळतात. ग्रहगतीने फक्त सुरुवात करून द्यायची, बाकीचं पृथ्वीवरच्या गोष्टी करतात. ही कडी ध्यानात ठेवावी. पुढचा सगळा वाद तिच्याभोवती आहे.

क्रॉल पडला तो तारखेवर. त्याच्या गणिताप्रमाणे शेवटचं हिमयुग ८०,००० वर्षांपूर्वी संपायला हवं होतं. तिकडे अमेरिकेतले भूगर्भशास्त्रज्ञ नायगाराचा धबधबा मागे सरकत किती दरी कोरत आला ते मोजत होते, आणि त्यांचा आकडा दहा हजार वर्षांच्या आसपास येत होता. टिळकांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये हिमयुगावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं ते याच वादाच्या ऐन भरात. क्रॉलचं आणि त्याची बाजू घेणाऱ्या सर रॉबर्ट बॉल यांचं म्हणणं त्यांनी नीट मांडलं, अमेरिकन मोजणी त्याच्यासमोर ठेवली, आणि काळ अमेरिकनांचा घेतला. तो त्यांच्या सिद्धान्तालाही सोयीचा होता, हे कबूल. तरी ज्या माणसाचा जीव खगोलगणितात रमत होता त्याने खडकातला आकडा जुळेना म्हणताच खगोलातली तारीख सोडून दिली, ही गोष्ट लहान नाही. आज हिमयुगाची अखेर सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीची धरतात. ध्रुवाजवळच्या मूळ घराचं अनुमान अभ्यासकांनी केव्हाच मागे टाकलं. तारीख निवडताना मात्र टिळकांचा हात बरोबर पडला होता.

त्याआधी दहा वर्षं, १८९३ साली, ‘ओरायन’मध्ये त्यांनी अशाच एका चक्रावर भिस्त ठेवली होती: संपातचलन. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पुरा करतो, त्यामुळे वसंतसंपात नक्षत्रांतून मागे सरकत जातो. तो मृगशीर्षात होता तेव्हाच्या खुणा वेदांत सापडतात, म्हणून वेद इतके जुने, असा तो युक्तिवाद. हे चक्र कोकणातल्या प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेलं आहे. निरयन पंचांगात सूर्य मृग नक्षत्रात येतो तो हल्ली ७-८ जूनला. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, तो आजच्या इंग्रजी तारखांच्या हिशेबाने मेच्या मध्याला यायचा. दीड हजार वर्षांत सरकला किती, तर सुमारे तीन आठवडे. एक दिवस पुढे जायला साधारण ७१-७२ वर्षं. म्हणजे पणजोबांच्या मृगात आणि आपल्या मृगात एक-दीड दिवसाचा फरक. आता याच चक्राच्या माथी मारायचं काय, तर गेल्या तीस वर्षांत थंडी कधी पडते आणि मोहोर कधी येतो याचा झालेला सगळा गोंधळ! निसर्गचक्रांत हे एक तरी असं आहे की ज्याची गती पंचांगकर्त्याला तोंडपाठ असते. ती एकदा विचारावी.

इथून पुढचा भाग असा आहे की जो चक्रवाले आणि त्यांचे विरोधक, दोघेही चुकीचा वाचतात.

सगळ्यांच्या डोक्यातली गोष्ट साधारण अशी असते. आधी शास्त्रज्ञ हवामानबदल नैसर्गिक मानत होते. मग विसाव्या शतकाच्या अखेरीला पर्यावरणवाले आले, धुराचा सिद्धान्त आला, आणि त्याने चक्राच्या सिद्धान्ताला हुसकावून लावलं. चक्रवाल्यांना यात कट दिसतो, विरोधकांना प्रगती दिसते. दोघांच्या मते हे दोन पक्ष आहेत. मूळ कागद उघडले की दोन पक्षांची ही गोष्ट टिकत नाही.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६चा. बरोबर एका महिन्याने, २३ ऑगस्टला, अमेरिकेत ऑल्बनीच्या विज्ञानपरिषदेत युनिस फूट या बाईंचा प्रयोग वाचून दाखवला गेला. काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून त्यांनी उन्हात ठेवले होते, आणि कार्बनिक आम्लवायूचं, म्हणजे आजच्या कार्बन डायऑक्साइडचं, नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं होतं. हवेत हा वायू अधिक असता तर पृथ्वी अधिक तापली असती, असं त्यांनी लिहून ठेवलं. पुढे तीन वर्षांनी जॉन टिंडलने उष्णता नेमकी कशी अडते ते मोजून दाखवलं. टिंडललाही, लक्षात घ्या, कुतूहल होतं ते हिमयुगाचं.

मग १८९६. स्वान्ते अऱ्हेनियस हे नाव आता शाळेच्या पुस्तकातही ‘जागतिक तापमानवाढीचा पहिला इशारा देणारा’ म्हणून येतं. इशारा वगैरे त्याने काही दिला नाही. त्याला हिमयुगाचं कारण शोधायचं होतं. स्टॉकहोममध्ये त्या काळी हिमयुगावर जोरदार चर्चा चालू होती, क्रॉल तोवर निस्तेज झाला होता, आणि अऱ्हेनियसने वायूकडून वाट काढायची ठरवली. सॅम्युअल लँग्लेने चांदण्यातल्या उष्णतेची मोजमापं घेतली होती; तो डेटा घेऊन या माणसाने जवळपास वर्षभर हाताने आकडेमोड केली. हवेतला हा वायू चाळीसेक टक्क्यांनी घटवला तर चाळीस-पन्नास अक्षांशांवर तापमान चार-पाच अंशांनी उतरतं आणि हिमयुग येतं, हे त्याचं मुख्य उत्तर. उलट दिशेचं गणित, वायू दुप्पट झाला तर पाच-सहा अंशांची वाढ, हे त्याच तक्त्यातले पुढचे स्तंभ. लेख छापून आला तो कुठे, तर क्रॉलचा आला होता त्याच ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये; आणि लेखाच्या शेवटी अऱ्हेनियसने क्रॉलच्या सिद्धान्ताची उलटतपासणीही केली.

कोळसा त्या लेखात शिरला तो आडवाटेने. अऱ्हेनियसचा सहकारी आर्विद हॉगबोम हा निसर्गातला कार्बनचा जमाखर्च मांडत होता: ज्वालामुखीतून किती येतो, खडक झिजताना किती जातो, समुद्र किती ठेवून घेतो. सगळ्या रकमा लिहिल्यावर त्याने जगाचा कोळसाही लिहिला, तेव्हा वर्षाला ५० कोटी टन. ती रक्कम निसर्गाच्या रकमांच्या तोडीची निघाली. तेव्हा यात कुणाला संकट दिसलं नाही. अऱ्हेनियसने पुढे लिहिलं की हवा उबदार झाली तर बरंच आहे, आणि त्याला लागतील हजारो वर्षं. स्टॉकहोमच्या हिवाळ्यात बसलेल्या माणसाने दुसरं काय लिहावं! आज जगात वर्षाला जळणारा कोळसा ८०० कोटी टनांच्या वर आहे.

मला यातून दिसतं ते असं. माणसाने हवा तापवण्याची कल्पना नैसर्गिक चक्राच्या पोटातून निघाली. चक्राचा हिशेब जुळत नव्हता, तो जुळवता जुळवता हा वायू हाती लागला, आणि वायूचा हिशेब मांडताना कोळशाची रक्कम सापडली. टिळक आणि अऱ्हेनियस, एक पुण्यात नि दुसरा स्टॉकहोममध्ये, सात वर्षांच्या अंतराने एकाच कोड्याशी झुंजत होते, आणि दोघांचीही क्रॉलबद्दलची तक्रार आकड्यांची होती.

क्रॉल परत आला तो सर्बियाच्या मिलुटिन मिलान्कोविचच्या हातून. पहिल्या महायुद्धात शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून हा बुडापेस्टमध्ये नजरकैदेत होता. तिथल्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात बसून त्याने गणित चालू ठेवलं. (राजबंद्यांनी अंदर बसून ग्रंथ लिहिणं आपल्याला काही नवीन नाही.) त्याने क्रॉलचा एक मुद्दा उलटा केला. क्रॉल कडाक्याच्या हिवाळ्यावर भर देत होता. मिलान्कोविच म्हणाला, हिवाळा कडक असून भागत नाही, उत्तरेत उन्हाळा मवाळ लागतो, म्हणजे आदल्या वर्षीचा बर्फ वितळत नाही आणि थरावर थर चढतो. तीन लयी त्याने पक्क्या केल्या: कक्षेच्या आकाराची सुमारे एक लाख वर्षांची, अक्षाच्या कलाची ४१,००० वर्षांची, आणि संपातचलनातून येणारी १९ ते २३ हजारांची. १९४१ साली त्याचा ग्रंथ बेलग्रेडला छापखान्यात असताना जर्मन बॉम्ब पडले. ग्रंथ वाचला, पण पुढची दोन-तीन दशकं तो फार कुणी मनावर घेतला नाही.

डिसेंबर १९७६मध्ये जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकल्टन यांनी ‘सायन्स’मध्ये लेख लिहिला. दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून काढलेले गाळाचे दोन स्तंभ, त्यात सूक्ष्म जीवांची कवचं, कवचांत ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण. त्यावरून साडेचार लाख वर्षांतल्या बर्फाचा चढउतार. त्या चढउतारात मिलान्कोविचच्या लयी जशाच्या तशा सापडल्या. चक्र सिद्ध झालं. आजचा चक्रवाला याच लेखाच्या जिवावर बोलतो, बहुधा लेख न वाचता. कारण पुढचा अंदाज सांगताना त्या तिघांनी स्पष्ट बजावलं आहे की हा अंदाज फक्त नैसर्गिक भागाचा आहे, कोळसा-तेल जाळल्याचा परिणाम त्यात धरलेला नाही. आणि नैसर्गिक भागाचा अंदाज काय होता? येत्या हजारो वर्षांचा कल गारठ्याकडे, उत्तरेत बर्फ वाढण्याकडे.

म्हणजे ज्या दिवशी चक्र सिद्ध झालं त्या दिवशी ते बहाणा म्हणून निकामी झालं. तोवर कुणीही म्हणू शकत होता की चक्र असेल कसलंतरी. १९७६नंतर त्याची मुदत, बळ आणि आजची जागा मोजता येऊ लागली. ती जागा अशी. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते ती हल्ली जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. आणि सगळ्यांत लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५.२ कोटींवर. उत्तर गोलार्धाच्या वाट्याला त्यामुळे मवाळ उन्हाळा येतो. अकरा हजार वर्षांपूर्वी हे नेमकं उलट होतं. तेव्हा आपला उन्हाळा जळजळीत, जमीन जास्त तापायची, अरबी समुद्रावरून येणारा मान्सून आजच्यापेक्षा जोरकस होता. समुद्रतळातल्या गाळात त्या वाऱ्यांच्या खुणा आहेत. सड्यावरच्या गेंड्याचा विचार या ओल्या काळाशी जोडून जरूर करावा. त्याच्याही आधी, वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मांडवी आणि भाट्याच्या समोरचं पाणी तेव्हा कोरडी जमीन होती. ती जमीन बुडाली तेव्हा माणसाने बिऱ्हाड उचललं आणि वर सरकला. त्याच्या नावावर सातबारा नव्हता. तर त्या ओल्या काळापासून आपल्या गोलार्धाचं उन्हाळी ऊन हळूहळू उतरतच आलेलं आहे. चक्राच्या मनासारखं झालं असतं तर आज आपण सावकाश गार होत असतो.

आता एक आक्षेप, आणि तो चांगला आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात जुनी हवा बुडबुड्यांत अडकलेली असते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद लोरियुसला ही कल्पना सुचली ती म्हणे व्हिस्कीच्या ग्लासात टाकलेल्या जुन्या बर्फातून बुडबुडे फुटताना पाहून. १९८७ साली व्होस्तोक तळावरच्या बर्फातून १,६०,००० वर्षांचा, आणि नंतर डोम सी इथून ८,००,००० वर्षांचा हवेचा इतिहास हाती आला. कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत हिमयुगात १८०च्या आसपास, मधल्या उबदार काळात २८०-३००. तापमान आणि वायू हातात हात घालून वर-खाली. पण बारकाईने पाहिलं तर अंटार्क्टिकाचं तापमान आधी चढलेलं दिसतं, वायू काही शतकं मागून. चक्रवाला म्हणतो, बघा, वायू हे कारणच नव्हे!

इथे क्रॉलची ती कडी आठवावी. ग्रहगतीने सुरुवात करून दिली, समुद्र थोडा तापला, तापलेल्या समुद्राने वायू सोडला, त्या वायूने सबंध पृथ्वी तापवली. नुसत्या ग्रहगतीने वर्षभराच्या एकूण उन्हात पडणारा फरक इतका किरकोळ असतो की हिमयुग आणि आजचा काळ यांच्यातलं पाच-सहा अंशांचं अंतर त्यातून निघतच नाही. बर्फाची चकाकी आणि हा वायू, दोन्ही धरल्यावरच हिशेब बसतो. वायूची ताकद नाकारली तर नैसर्गिक चक्रही कोसळतं. चक्रवाल्याला एक सोडून दुसरं घेता येत नाही, दोन्ही एकाच खात्यात आहेत. फरक इतकाच की तेव्हा वायू मागून आला आणि आता पुढे चालला आहे. १८० वरून २८० वर जायला त्याला सात-आठ हजार वर्षं लागली होती. चार्ल्स कीलिंगने मार्च १९५८मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा तो ३१३च्या जवळ होता. आज ४२०च्या पुढे गेला आहे. एका माणसाच्या हयातीत हिमयुगाएवढी उडी. आणि हिमयुग सरताना शतकाला अंशाचा दहावा भागही न चढणारं तापमान आता दशकाला दोन दशांश चढतं आहे.

हा वायू आला कुठून, यावर अंदाज करण्याची गरज उरलेली नाही. कोकणातल्या घराच्या भिंतीतला चिराच यातली अर्धी गोष्ट सांगतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा काळा कातळ इथे पसरला. त्याच्यावर पाऊस पडत राहिला, पावसात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होत राहिलं, त्याने कातळातली सिलिका आणि क्षार धुऊन समुद्रात नेले, मागे उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. तोच आपला तांबडा, सच्छिद्र जांभा. हवेतून काढून घेतलेला कार्बन समुद्रात शिंपल्यांच्या कवचांत जाऊन बसला. निसर्ग हवेतला हा वायू असा उचलतो. बिनचूक उचलतो, पण त्याची मुदत लाखो वर्षांची असते. जयगडला १,२०० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पासाठी जहाजातून कोळसा उतरतो, त्याचा प्रवास उलटा. कोट्यवधी वर्षं गाडलेला कार्बन दिवसभरात हवेत. आणि त्याच्यावर शिक्का असतो: इतक्या जुन्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ शिल्लक राहत नाही. हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण त्यामुळे पातळ होत चाललं आहे, हे हान्स सूसने १९५५ सालीच झाडांच्या वाढीच्या वलयांत दाखवलं. ज्वालामुखींचं म्हणाल तर ते सगळे मिळून माणसाच्या शंभराव्या हिश्शाएवढाही वायू सोडत नाहीत. सूर्याचं म्हणाल तर १९७८पासून उपग्रह त्याला मोजत आहेत आणि त्याच्या तेजात चढता कल नाही. शिवाय सूर्य तापवत असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते, ते गार होत आहेत.

लहान चक्रं आहेतच, एल निनो आहे, हिंदी महासागराचं आपलं द्विध्रुव आहे, आणि एखाद्या वर्षाचा दुष्काळ किंवा पूर त्यांच्या पदरात टाकणं योग्यही असतं. म्हाताऱ्या माणसांची आठवण खोटी नसते. पण चक्र वर जातं तसं खालीही येतं, आणि अरबी समुद्राचं तापमान खाली यायचं विसरलेलं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ अशी तुलना केली तेव्हा या समुद्रातली चक्रीवादळं दुसऱ्या काळात ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. जून २०२०चं निसर्ग आणि मे २०२१चं तौक्ते दापोली-मंडणगडपासून राजापुरापर्यंत ज्यांनी सोसलं त्यांना ही टक्केवारी वेगळी समजावून द्यायला नको.

उलट बाजूचा गैरवापरही तितकाच चीड आणणारा आहे, तो सोडून देता येत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. पाऊस विलक्षण होता आणि तापलेल्या समुद्राचा त्यात वाटा असणार. पण नदीत वर्षानुवर्षं साठलेला गाळ, पूररेषेच्या आत उठलेल्या इमारती, धरणातलं पाणी सोडताना खालच्या गावांना मिळणारी सूचना, या गोष्टी कार्बनने केलेल्या नाहीत. ‘हवामानबदल’ म्हटलं की चौकशी संपते, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलेलं आहे. एकाला ‘चक्र’ पुरतं, दुसऱ्याला ‘बदल’. हात झटकायला दोन्ही सारखेच सोयीचे.

मोठ्या चक्राचं पुढे काय होणार, याचाही हिशेब आता झाला आहे आणि तो चक्रवाल्यांना कुणी सांगत नाही. कक्षा सध्या बरीचशी गोल असल्यामुळे पुढचं हिमयुग तसंही लांब होतं, सुमारे ५०,००० वर्षं. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या अभ्यासकांनी २०१६ साली गणित मांडलं की मध्यम प्रमाणात कार्बन हवेत गेला तरी ते एक लाख वर्षांपर्यंत पुढे ढकललं जाईल. म्हणजे एक अख्खा फेरा आपण चुकवला. टिळकांनी ज्या हिमयुगाची तारीख ठरवण्यासाठी एवढी पानं खर्च केली, ते पुन्हा केव्हा यायचं याचा निर्णय आता बराचसा कोळशाच्या वखारीत होतो.

नैसर्गिक चक्र माणसाला मोडता येतं यावर कोकणच्या बागायतदाराचा विश्वास बसत नाही, असं मला कुणी सांगू नये. हापूस मुळात वर्षाआड धरणारा. एक वर्ष झाड लगडणार, पुढच्या वर्षी पालवी फोडून स्वस्थ बसणार; आमच्या आजोबांच्या पिढीने हे चक्र निमूटपणे मान्य केलं होतं आणि बागांचे करारही त्या बेताने होत होते. मग पॅक्लोब्युट्राझोल आलं, बागायतदारांच्या भाषेत कल्टार. पावसाळ्यात झाडाच्या विस्ताराप्रमाणे मापून बुंध्याभोवती घालायचं. झाडाची वाढीची संजीवकं दबतात, पालवी थांबते आणि मोहोर दरवर्षी येतो, तोही लवकर. आता एखाद्याची बाग चार वर्षं न चुकता धरली तर बाजूचा बागायतदार हे निसर्गाचं नवीन चक्र म्हणून सोडून देत नाही. गडग्यावरून डोकावून तो सरळ विचारतो, ‘कल्टार किती घातलंत?’